वशिंडाला रकाना नाही

ज्ञान विस्कळीत राहिलं की देश मागे पडतो, आणि बैल हा तर फारच विस्कळीत प्राणी आहे: शिंगं एकीकडे, शेपूट भलतीकडे. म्हणून १९७१ साली मुंबईच्या एका कार्यालयाने जनावरांची शरीररचना कॉम्प्युटरमध्ये नीट लावून ठेवायचं ठरवलं आणि पिंपळगाव राजा गावाकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात कार्डं धाडली.

कारकून जानरावांना कार्ड फार आवडलं. बैलाला बेचाळीस रकाने होते, फक्त वशिंडाला नव्हता. (नमुन्याची गाय विलायती होती. तिला वशिंड नव्हतं आणि तिची तक्रारही नव्हती.) जानराव भिडस्त. तीस वर्षं आपणच चुकीचं पाहत आलो असू, असं वाटून त्यांनी वशिंड ‘अनावश्यक वाढ’मध्ये घातलं.

महिन्याने निकाल आला. तपासलेले बैल ६१२. मानेमागे गाठ असलेले ६१२. इतकी शिस्तबद्ध साथ देशात पूर्वी आली नव्हती. जनावर दवाखान्याच्या लाकडी खोड्यात बांधून गाठ कापावी, सुरुवात कार्ड क्रमांक एकपासून, असा हुकूम होता.

क्रमांक एक म्हणजे कडूबाचा हिऱ्या. पेरणी आठ दिवसांवर आलेली. कडूबा तडक दवाखान्यात आला.

“जानरावभाऊ, वशिंड कापलं त जू कुठं ठेवू? तुमच्या मानेवर?”

“मी नाही म्हणत रे. कॉम्प्युटर म्हणून राह्यला.”

“त्यानं बैल पाह्यला काय कधी?”

“नाही. म्हणून तर तो कोणाची बाजू घेत नाही.”

“अन् तुम्ही त रोज पाह्यता ना?”

जानरावांनी कार्डांसोबत आलेलं नियमांचं पुस्तक चाळलं. वशिंडाला अधिकृत जागा एकाच प्राण्यावर होती. हिऱ्याच्या कार्डावर त्यांनी ‘बैल’ खोडून ‘उंट’ लिहिलं.

“चालते,” कडूबा म्हणाला. “फक्त हिऱ्याले सांगू नका.”

न्याय सर्वांना सारखा हवा म्हणून उरलेले ६११ही उंट झाले. मुंबईहून अभिनंदनाचं पत्र आलं: बैल शून्य, उंट ६१२, सर्व निरोगी. सोबत उंटांच्या सोयीसाठी वाळू मंजूर. हिऱ्याने त्या वर्षी वेळेवर पेरणी केली, उंट असूनही.

आता माणसांची कार्डं आली आहेत. जानरावांनी रकान्यांची यादी वाचली, आरशात पाहिलं आणि निमूटपणे स्वतःला ‘इतर प्राणी’त नोंदवलं. वाचकांची कार्डं भरून केव्हाच मुंबईला गेली. आपल्या अंगावर यादीबाहेरचं काय काय आहे, ते प्रत्येकाने घरच्या घरी पाहून ठेवावं. दवाखाना सकाळी आठला उघडतो, आणि बैलांचे उंट झाल्यापासून खोडा रिकामाच आहे.