बंदुकीआधी आलेली तिजोरी

कोणतीही गोष्ट करायची तर पद्धतशीर करायची, हे दिनानाथ पोतनीसांचं ब्रीद. अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस तो! माल येण्याआधी जागा तयार पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यामुळे थोरले भाऊ गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक आपल्या नावावर करून घ्यायचं ठरलं, तेव्हा दिनानाथांनी एकाच दिवशी दोन कामं उरकली. सकाळी परवान्याचा अर्ज दिला आणि दुपारी तिजोरीची ऑर्डर. परवाना मिळेपर्यंत बंदूक तिकडे भावाच्या गावी, कर्जतला, सरकारी ताब्यातच राहणार होती. लोक बैल गेल्यावर झोपा करतात. दिनानाथांनी बैल यायच्या आधीच केला.

त्यांची पत्नी वृंदाताई 'बाजारात तुरी' एवढंच म्हणाल्या आणि म्हणीचा उरलेला भाग त्यांनी गिळून टाकला.

तिजोरी करायला दिली ती उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या हितेशकडे. हितेशने आजवर शेकडो लग्नांची कपाटं बनवली होती, पण बंदुकीची तिजोरी पहिलीच. दिनानाथ मात्र वाचून आले होते. पत्रा जाड हवा, कुलपं दोन हवीत, तिजोरी बोल्ट ठोकून भिंतीला बसवता यायला हवी, आणि काडतुसं बंदुकीजवळ ठेवायची नसतात म्हणून त्यांचा खण वेगळा, त्याची किल्लीही वेगळी. हितेशने सगळं लिहून घेतलं आणि बंदुकीची लांबी विचारली. इथे गाडी अडली. दिनानाथांनी ती बंदूक शेवटची पाहिली तेव्हा ते चौथीत होते! त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. खात्री करायला पुन्हा पसरले, तर लांबी वेगळीच आली. हितेशने मुकाट्याने सगळ्यात मोठं माप धरलं आणि वर वीतभर जास्त घेतलं.

पंधरा दिवसांनी तिजोरी तयार झाली. "अंकल, इसमें आप भी आराम से खड़े रह सकते हो," हितेश अभिमानाने म्हणाला. ते खोटं नव्हतं.

बदलापूरला, शिरगावातल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती मावेना. सहा हमालांनी ती जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि पुढे चालत सगळ्यांना वाट करून देत होता वॉचमन भगवंत. साठीचा, जवळच्या खरवई गावचा, हातात काठी. दुसऱ्या मजल्यावर हमाल दम खायला थांबले, तेव्हा त्याने विचारलं की साहेब, एवढं काय आहे. दिनानाथ म्हणाले, "बंदुकीची तिजोरी."

आता यात चुकीचं काय होतं? शब्दन् शब्द खरा. तिजोरीत बंदूक आहे का, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची दिनानाथांना कारखान्यातही सवय नव्हती.

संध्याकाळपर्यंत पोतनीसांकडे बंदूक असल्याचं सोसायटीभर झालं. दोन दिवसांत ती दुनळी झाली. आठवड्यात दिनानाथांनी तरुणपणी कर्जतच्या जंगलात रानडुक्कर पाडल्याचंही लोकांना आठवू लागलं. त्यांच्या पार्किंगच्या जागेत गाडी लावणारे आपोआप सुधारले. सोसायटीचा सेक्रेटरी मिलिंद तांबे त्यांना आधी काका म्हणायचा, तो आता सर म्हणू लागला. चौतीस वर्षांच्या नोकरीत जी माणसं उठून उभी राहिली नाहीत, त्यांच्या वाटणीचा मान शिरगावात मिळत होता. तो परत करायला दिनानाथांचा हात होईना.

वृंदाताईंनी दोनदा सांगितलं की लोकांना खरं काय ते सांगून टाका.

"मी कुठे खोटं बोललोय?" दिनानाथ म्हणाले. "आज ना उद्या यायचीच आहे ती."

असे चार महिने गेले. मग सोसायटीची सभा आली आणि तिथे मिलिंदने विषय काढला. वर बंदूक असताना खाली काठीवाला कशाला? भगवंतला निरोप देऊ, गेटला कॅमेरा लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांच्या नजरा दिनानाथांकडे वळल्या. किती विश्वासाने बघत होती माणसं! दिनानाथांनी तोंड उघडलं. बंदूक नाहीये, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते घशापर्यंत आलेही होते.

"बघू या की," ते म्हणाले.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: श्री. पोतनीस यांची संमती.

महिनाअखेरीला भगवंत सगळ्यांचा निरोप घ्यायला वर आला. चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि तक्रारीचा एक शब्द न काढता गेला. त्या दिवशी दिनानाथांना जेवण गेलं नाही. आपल्याला लाज वाटते आहे, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. पण लाज वाटणं आणि खरं बोलणं यांत तीन मजल्यांचं अंतर होतं आणि ते उतरायचा त्यांना धीर होत नव्हता.

पुढच्याच रविवारी अकराच्या सुमाराला पोलीस ठाण्यातून भावना मॅडम आल्या. दिनानाथांचा अर्ज सरकत सरकत चौकशीपर्यंत पोचला होता. पद्धतीप्रमाणे त्यांनी आधी शेजाऱ्यांकडे चौकशी केली. खाली मिलिंद भेटला. पोतनीस कसे आहेत, त्यांना बंदुकीचा परवाना पाहिजे आहे, तुमची काही हरकत?

"पाहिजे म्हणजे?" मिलिंद म्हणाला. "बंदूक आहे की त्यांच्याकडे. चार-पाच महिने झाले."

मॅडमचं पेन थांबलं. पहिल्या मजल्यावरच्या गोजरबाईंना वाटलं, भल्या माणसाच्या कामात आपला हातभार लागावा. त्यांनी तर बंदूक डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. रोज सकाळी गच्चीवर नेऊन तेल लावतात, एकदा कबुतरांवर बारही काढला. आणखी दोघांनी तो बार ऐकल्याची साक्ष दिली. दिनानाथांचं भलं करण्याच्या नादात शेजाऱ्यांनी त्यांना जवळजवळ तुरुंगात नेऊन बसवलं.

दार उघडलं तेव्हा दिनानाथांसमोर भावना मॅडम आणि मागे जिनाभर सोसायटी उभी होती. बिनपरवान्याचं हत्यार कुठंय, असा मॅडमचा पहिलाच प्रश्न. दिनानाथ म्हणाले, ते अजून यायचं आहे. हे ऐकून मॅडमचा चेहरा आणखी ताठ झाला.

"तिजोरी उघडा."

दिनानाथ किल्ल्या चाचपत राहिले, तोवर पहिलं कुलूप वृंदाताईंनी उघडलं. दुसरंही त्यांनीच. दार उघडताच गोड्या मसाल्याचा वास खोलीभर झाला आणि मॅडमना सटासट तीन शिंका आल्या. आत वर्षाचं बेगमीचं सामान होतं. पोह्यांचे पापड, कुरडया, लोणच्याच्या तीन बरण्या. बंदूक उभी करायच्या मखमली खाचेत केरसुणी आणि गुंडाळलेली चटई. काडतुसांच्या खणात वेलची आणि केशर, कारण घरात तेवढंच कुलपात ठेवण्याच्या लायकीचं होतं. आत मुंग्या येत नाहीत, असं वृंदाताईंनी हळूच सांगितलं.

मॅडमनी चटई उलगडून पाहिली. बरण्यांच्या मागे हात घालून पाहिला. मग कर्जतला फोन लावला. बंदूक तिथेच होती.

"काका," त्या नाक पुसत म्हणाल्या, "बंदूक नसणं हा गुन्हा नाही. जाते मी."

सोसायटी हसली असती तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. एकेक जण जिना उतरू लागला. गोजरबाई सगळ्यांत आधी. शेवटी मिलिंद राहिला.

"काका, सभेत का नाही बोललात?" त्याने विचारलं. "बिचाऱ्याला काढलं आपण."

यात राग नव्हता आणि तेच दिनानाथांना सोसवेना. सर जाऊन काका परत आले होते, तेही त्यांनी ऐकलं. कुठे तोंड लपवावं, असं त्यांना झालं. समोर पुरुषभर उंचीची तिजोरी उघडीच होती, पण तिथेही जागा नव्हती.

दुपारी मिलिंदने सगळ्यांना विचारून भगवंतला परत बोलवायचं ठरवलं. सांगायला मात्र मी जातो, असं दिनानाथ म्हणाले. रिक्षा करून ते खरवईला गेले. भगवंत अंगणात भेंडीला पाणी घालत होता. त्याने खुर्ची मांडली, पाणी आणलं. दिनानाथांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बंदूक नव्हती, कधीच नव्हती, सभेत मी गप्प बसलो, चूक माझी, तुम्ही परत या. सांगताना त्यांची मान काही वर आली नाही.

भगवंतने पाण्याचा पाइप पुन्हा उचलून भेंडीच्या पुढच्या आळ्यात सोडला.

"म्हंजे बंदूक नायच?"

"नाही."

"मंग पंचाईत हाय, सायेब." त्याने कपाळाचा घाम पुसला. "तिजोरी आली तवापासून मी अकराला गेट लावून निवांत झोपत व्हतो. म्हनलं, वर सायेब हायेत. आता परत आलो तर रातभर जागावं लागंल. या वयात कसं व्हायचं?"

एखाद्याने यावर सुटकेचा श्वास सोडला असता. दिनानाथांना उलट वाटलं. नसलेल्या बंदुकीवर सगळ्यात जास्त विसंबला तो हा माणूस, आणि नोकरीही त्याचीच गेली. 

"असं करू," ते म्हणाले. "अर्धी रात्र तुम्ही झोपा. अर्धी रात्र मी खाली येऊन जागेन."

भगवंतने पाण्याचा पाइप खाली ठेवला. दिनानाथांना चपलांपासून टोपीपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"सायेब, खरंच जागाल?" त्याने विचारलं. "का आपलं नुसतं लोकांना वाटू द्याल?"