बेव्हर्लीची ओळखपरेड

प्रेम ही फार गंभीर गोष्ट आहे आणि ती विनापरवाना करू देणं हा कुठल्याही सरकारचा हलगर्जीपणाच म्हणायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात लग्न करायला कोणी परीक्षा घेत नाही. मूल तर कोणीही जन्माला घालतं, अगदी ज्याला स्वतःची चप्पल सापडत नाही असा माणूससुद्धा. पण छोट्या जातीचा अजगर पाळायचा म्हटलं की सरकार खडबडून जागं होतं. अर्ज येतो. शर्ती येतात. काचेच्या पेटीची लांबी-रुंदी येते, आतलं तापमान येतं. आणि वर्षातून एकदा सरकारी माणूस येऊन बघून जातो, की अजगर सुखी आहे ना. (मुलांना बघायला असं कोणी येत नाही. आलेच तर आजोबा येतात, आणि ते क्रिकेट बघत बसतात.)

कायदा एकदम सुटसुटीत आहे. पेटीतला अजगर तुमचा. छतातला अजगर सरकारचा. दोघं एकाच जातीचे, एकाच तपकिरी रंगाचे, अंगावर सारखेच ठिपके, लांबीला हात-सव्वा हात आणि जाडीला झाडूच्या दांड्याएवढे. मध्ये फक्त छताची प्लास्टरची पाटी. तुमचा अजगर पाटी ओलांडून वर गेला, की तुम्ही पाळीव प्राणी रानात सोडल्याचा गुन्हा. वरचा खाली आला आणि तुम्ही कौतुकाने ठेवून घेतला, की सरकारी वन्यजीव पळवल्याचा गुन्हा. हे सगळं अजगरांना कोणी कळवलेलं नाही. कायद्यात तेवढीच एक त्रुटी आहे.

ग्लेन हॉस्किन हा माणूस या कायद्यावर खूश होता. त्याचा धंदा खिडक्या-दारांना जाळ्या बसवायचा, त्यामुळे आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहावं हे त्याला तत्त्व म्हणूनच पटायचं. त्याच्याकडे बेव्हर्ली होती. पेटीत जन्मलेली, पेटीत वाढलेली, परवानाधारक. संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसला की ती त्याच्या मनगटाला विळखा घालून पडायची. आयुष्यात तिने एकदाही शिकार केली नव्हती. फ्रीजरमधला मेलेला उंदीर गरम पाण्यात सोडून, मऊ करून, ग्लेन चिमट्याने तिच्यापुढे धरायचा. मग ती मान वर करायची, जरा विचार करायची आणि घ्यायची. भिंतीवरची पाल समोर आली तर बेव्हर्ली पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

"रानात सोडली तर आठवड्यात उपाशी मरेल पोरगी," ग्लेन अभिमानाने सांगायचा.

आता अजगर म्हटला की मंडळ आलंच. उत्तर उपनगर सरीसृपप्रेमी मंडळ. सभा महिन्याला, कोणाच्या तरी अंगणात, सॉसेज भाजत. मंडळात दोन तट. एक तट ओळखवाद्यांचा: अजगर मालकाला ओळखतो, त्याच्यावर माया करतो. दुसरा ऊबवाद्यांचा: अजगराला कसली माया न काय, त्याला तुमच्या हाताची ऊब लागते, तुमच्याजागी गरम पाण्याची पिशवी ठेवली तरी तो तेवढाच खूश. ओळखवाद्यांचा पुढारी ग्लेन. ऊबवाद्यांची पुढारी कॅथ मॅकनल्टी, जिच्याकडे अजगर होते चार आणि नाव एकालाही नव्हतं. दोन्ही तट एकमेकांना मूर्ख समजायचे आणि एकमेकांच्या अंगणात पोटभर जेवायचे. लोकशाही यालाच म्हणतात.

भानगड झाली ती ऑक्टोबरात. डार्विनचा ऑक्टोबर म्हणजे ढग येतात, गडगडतात आणि न बरसता जातात. माणूस आतून शिजतो. अशाच एका दुपारी वीज कोसळली आणि सगळ्या गल्लीचे दिवे गेले. पेटीत बेव्हर्ली गुदमरेल म्हणून ग्लेनने तिला न्हाणीघरात नेलं, टबात चार बोटं पाणी केलं आणि तिला त्यात ठेवलं. ती कात टाकायच्या बेतात होती. डोळे दुधाळ, स्वभाव चिडका. मग फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, जाळीबद्दल तक्रार होती. ग्लेनने त्याला बराच वेळ समजावलं, की आपण बसवलेल्या जाळीतून मुंगीसुद्धा जात नाही.

परत येऊन बघतो तर टब रिकामा. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या उघड्या. आणि जाळीचा एक कोपरा सुटलेला. (जाळी ग्लेननेच बसवली होती. मोफत.)

दोन दिवस त्याने घर पालथं घातलं. गाद्या उचलल्या, बुटांत हात घातले. त्याची बायको नरेल दवाखान्यात स्वागतकक्षात कामाला होती. ती संध्याकाळी यायची आणि फर्निचर ओलांडत स्वयंपाकघरात जायची. वीज गेल्यामुळे फ्रीजरमधले उंदीर नासले होते, ते तिने फेकले. सोबत वाटाणेही फेकले. वाटाण्यांचं तिला जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून इरिनीची हाक आली. इरिनी शेजारची म्हातारी, मूळची ग्रीक, आवाज बोटीवरून किनाऱ्यावर पोचेल असा.

"ग्लेन! अरे ए पोरा! तुझी ती बया माझ्या वॉशिंग मशीनमागे बसलीय. घेऊन जा, नाहीतर चादरींबरोबर पिळून काढीन!"

ग्लेन अनवाणी धावला. मशीनमागे ती होती. त्याने हात पुढे केला आणि तिने हळूच, शहाण्यासारखा, मनगटाला विळखा घातला. ग्लेनचे डोळे भरून आले. लगेच मंडळाच्या ग्रुपवर संदेश गेला: "ती माझ्याकडे परत आली. मला बघताच ओळखलं." (खरं तर तोच तिच्याकडे गेला होता. पण प्रेमात अशी मोजमापं कोणी काढत नाही.) ओळखवाद्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. कॅथने थर्मामीटरचं पाठवलं.

संध्याकाळी नरेलने विचारलं, "बेव्हर्लीला पेटीत घातलंस ना?"

"घातलं की. कुलूपसुद्धा लावलं."

"मग फ्रीजरमागे कोण बसलंय?"

ग्लेनने फ्रीजरमागे हात घातला आणि जोरात ओरडला. अंगठ्यावर टाचण्या टोचाव्यात तशी बारीक रांग उठली. फ्रीजरमागे दुसरी बेव्हर्ली होती. तोच रंग, तेच ठिपके, तीच लांबी. फक्त ही चावत होती.

आता परिस्थिती अशी: घरात अजगर दोन, परवाना एक. दोघींतली एक पाळीव, तिला बाहेर सोडणं गुन्हा. एक रानटी, तिला आत ठेवणं गुन्हा. आणि शनिवारी रेमंड तपासणीला येणार होता. रेमंड म्हणजे वन्यजीव खात्याचा माणूस, अर्धी चड्डी, खांद्यावर साप पकडायचा उशीचा अभ्रा. योगायोगाने शनिवारीच मंडळाची सभाही ग्लेनच्याच अंगणात होती.

"बरंच झालं," नरेल म्हणाली. "सगळे शहाणे एका जागी येतील."

सभा भरली, रेमंडही आला. ग्लेनने सॉसेज भाजायला घेतले. इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. ज्याचं अंगण, त्याच्या हातात भाजायचा चिमटा. आणि एकदा हातात घेतला की तो कोणाला द्यायचा नाही. घराला आग लागली तरी माणूस चिमट्यासकट बाहेर येतो. त्यामुळे ओळखपरेडीचं सगळं कामकाज ग्लेनने हातात चिमटा ठेवूनच चालवलं.

पहिली चाचणी: नावाने हाक. ग्लेनने दोन्ही पेट्यांसमोर "बेव्हर्ली" म्हणून गोड हाक मारली. दोघी ढिम्म. सापाला बाहेरून कानच नसतात, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं, पण हाक मारून झाल्यावर आठवलं.

दुसरी चाचणी: वास. ग्लेनचा घामेजला शर्ट आणि रेमंडचा घामेजला शर्ट शेजारी ठेवले. दोन्ही अजगर कॅथच्या मांडीखाली जाऊन बसले. कॅथ नुसती हसली. ते जास्त लागलं.

तिसरी चाचणी उंदराची. पेटीत वाढलेली चिमट्यातला मेलेला उंदीर घेईल, रानातली घेणार नाही. चाचणी खात्रीची होती. पण उंदीर कचऱ्यात गेलेले.

"वाटाणे पण गेले," नरेलने आठवण करून दिली.

मग रेमंड म्हणाला, "अरे दोस्ता, सोपं आहे. डोक्यावरचे खवले प्रत्येकीचे वेगळे असतात. जुना फोटो काढ, जुळवून बघू. दोन मिनिटांचं काम."

ग्लेनच्या चेहऱ्यावर रंग आला. फोटो त्याच्याकडे साडेतीन हजार होते. सगळे फोनभोवती जमले. पहिला फोटो: ग्लेन हसतोय, गळ्यात काहीतरी तपकिरी. दुसरा: ग्लेन गॉगल लावून, खांद्यावर शेपटी. तिसरा: ग्लेन आणि बेव्हर्ली समुद्रकिनाऱ्यावर, बेव्हर्ली धूसर. मंडळाने नंतर काढलेली आकडेवारी अशी: ऐंशी टक्के फोटोंत ग्लेनचे दात स्वच्छ मोजता येतात. पंधरा टक्क्यांत त्याची नवी टोपी आहे. उरलेल्या पाच टक्क्यांत बेव्हर्ली एकटी आहे, पण ती पलंगाखाली जातानाची. तिचं डोकं एकाही फोटोत नाही.

"बाप रे," इरिनी कुंपणावरून म्हणाली. ती सॉसेजच्या वासाने आली होती. "सापापेक्षा तूच जास्त दिसतोस रे. परवाना तुझाच काढला होता काय?"

लोक हसले. ग्लेन हसला नाही.

रेमंडने घड्याळ बघितलं. "हे बघ ग्लेन. मला कागदावर एवढंच लिहायचंय, की एक पेटीत आणि एक झुडपात. कुठली कोण, ते मालक सांगेल. मालकाला माहीत असतं असं खातं धरून चालतं."

ग्लेनने दोघींकडे पाहिलं. डावीकडची मशीनमागची. काच उघडताच ती मनगटावर आली, मऊ, शांत. उजवीकडची फ्रीजरमागची. अंगावर कातीचे कोरडे तुकडे लोंबत होते, डोळे अजून दुधाळ, आणि हात दिसला की ती मान मागे खेचत होती.

कॅथ पुढे आली. पहिल्यांदाच जरा हळू आवाजात म्हणाली, "ग्लेन, कात टाकताना सगळेच चावतात. माझे चारही चावतात. तुझी टाकायला आली होती ना? आणि ही तर तुझ्याच घरात सापडली. फ्रीजरमागे. जिथे तिचे उंदीर असायचे."

सॉसेजची चरबी निखाऱ्यांवर टपकत होती तेवढाच आवाज.

ग्लेनने अंगठ्याकडे पाहिलं. मग ग्रुपवरच्या टाळ्या त्याला आठवल्या असाव्यात.

"माझी बेव्हर्ली," तो म्हणाला, "मला चावणं शक्य नाही."

"नक्की?" नरेलने विचारलं.

"आपल्या माणसाला कोण चावतं?"

(नरेलने उत्तर दिलं नाही. तिच्या संसाराला बरीच वर्षं झाली होती.)

रेमंडने उजवीकडची अभ्र्यात घातली. वन्यजीव जिथे सापडला त्याच्या जवळच सोडायचा असा नियम, म्हणून सगळी सभा हातात पाव-सॉसेज घेऊन मागच्या झुडपांपर्यंत चालत गेली. मालक म्हणून ग्लेन पुढे. हातात अर्थातच चिमटा. रेमंडने अभ्रा उलटा केला. ती पाचोळ्यावर पडली.

रानटी जनावर सुटलं की सरळ पळतं. ही पळाली नाही. झुडपातून एक पाल निघाली आणि तिच्या नाकासमोरून गेली. तशी ती चटकन मागे सरकली, अंग चोरून बसली. मग तिचं लक्ष वर गेलं. ग्लेनच्या हातातल्या चिमट्याकडे. तिने मान वर केली, जरा विचार केला आणि तशीच थांबली.

कॅथच्या हातातला पाव तसाच राहिला. नरेलने ग्लेनच्या पाठीवर हात ठेवला. "ग्लेन," ती म्हणाली. "वाट बघतेय ती."

ग्लेनच्या हातातला चिमटा जरासा खाली आला. ती त्याच्याकडे वीतभर सरकली. एवढं वाकून उचलायचं होतं, बस. सगळ्या मंडळादेखत.

"ऊब," ग्लेन म्हणाला. "चिमटा गरम आहे ना. त्यांना ऊब लागते नुसती."

आणि सॉसेज करपतील म्हणून तो परत फिरला.

रेमंडने कागदावर लिहिलं: एक पेटीत, एक झुडपात, मालक समाधानी. खाली सही घेतली. मंडळाने ग्लेनला पुढच्या वर्षासाठी बिनविरोध अध्यक्ष केलं. ठराव कॅथने मांडला, आणि तो मांडताना तिने ग्लेनकडे पाहिलं नाही.

पेटीतली आता अतिशय प्रेमळ आहे. फक्त चिमट्यातला उंदीर ती खात नाही, काचेवरच्या पाली निरखत बसते. ग्लेन म्हणतो, त्या दिवसांचा धक्का बसलाय बिचारीला. झुडपातली दिसत नाही. इरिनी मात्र हल्ली धुणं वाळत घालायचा लाकडी चिमटा आणि खिम्याचा गोळा घेऊन वॉशिंग मशीनमागे बराच वेळ वाकलेली असते. तिच्याकडे परवाना नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "पाइप गळतोय."

हा ग्लेन मूर्ख आहे, असं एव्हाना तुमचं मत झालं असेल. होऊ द्या. पण त्याने वेगळं काय केलं? जो मनगटाला गोंजारतो तो आपला, आणि ज्याने अंगठ्याला चावा घेतला तो कुठून तरी रानातून घरात शिरलेला, या हिशेबानेच तर घरोघरी माणसं ठेवली आणि सोडली जातात. तुम्ही सोडून आलात ते माणूस आधी कोणाच्या घरात वाढलेलं होतं, आणि तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा ते पळालं की तिथेच मान वर करून थांबलं, हे तुम्ही बघितलं असेलच. सॉसेज करपत होते, एवढं तरी सांगू नका.