भुजंगरावांचा ड्युटी चार्ट

आमच्या शेजारचे भुजंगराव रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची खाकी पँट घालून, खिशाला दोन पेनं लावून कामावर जातात. काम त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. तिथे ते एका विलायती फुटबॉल संघाचे मॅनेजर आहेत.

तुम्हा दोघा नातवंडांना हा संगणकावरचा खेळ माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी आजीला तो कसा कळला ते वाचा. यात आपण चेंडूला हात किंवा पाय लावायचा नसतो. कोणाला खेळवायचं, कुठे उभं करायचं, काय काम द्यायचं, एवढं ठरवायचं. पुढे माणसं पडद्यावर आपली आपण पळतात. भुजंगरावांनी एस.टी.च्या आगारात नोकरीभर हेच केलं. कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर कोणत्या गाडीवर जाणार, ते त्यांच्या लाल पेनाने ठरायचं.

"बाई, फुटबॉल आपल्याला कळत न्हाई," ते म्हणतात. "ड्युटी लावणं कळतं."

जुन्या जालन्यातल्या निम्म्या गल्लीला मी इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे पडद्यावर अवघड इंग्रजी आलं की मला बोलावणं येतं. एकदा भिंतीवर थाप पडली म्हणून गेले, तर पुढच्या फळीतल्या खेळाडूंच्या कामांची यादी उघडलेली होती. पहिला शब्द 'टार्गेट मॅन'. मी वाचून सांगितलं, की हा धिप्पाड माणूस पुढे उभा राहतो, सगळ्यांचे धक्के अंगावर घेतो आणि चेंडू साथीदारांसाठी धरून ठेवतो.

"म्हणजे लग्नसराईतला कंडक्टर. पुढं?"

"प्रेसिंग फॉरवर्ड. समोरच्यांना सुखाने उभं राहू देत नाही. सतत मागे लागतो."

"तपासणी पथक. पुढं?"

"डीप लाइंग फॉरवर्ड. हा मागे येऊन चेंडू घेतो आणि दुसऱ्यांना पुढे पाठवतो. स्वतः फार पळत नाही."

"आन् पोचर?"

"गोलापाशी टपून बसणारा. बाकीचा वेळ कोणाला दिसतही नाही. चेंडू आला की तेवढा आत ढकलतो."

भुजंगरावांनी यादीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मुक्कामी गाडी. संध्याकाळी जायचं, तिथंच पडून राह्यचं, सकाळची पहिली फेरी घेऊन यायचं. गजाननला हेच काम हाय."

त्यांच्या संघात सगळे गोरे, आणि एकटा गजानन जालन्याचा. हा गजानन म्हणजे त्यांचा मुलगा. संगणक त्याचाच, खेळही त्याचाच. त्याने हौसेने स्वतःच्या नावाचा एक खेळाडू बनवून संघात घातला होता. खरा गजू सहा वर्षांपूर्वी मस्कतला गेला. पडद्यावरचा गजानन राहिला.

गजू वडिलांच्याच आगारात कंडक्टर होता. साहेबाचा मुलगा म्हणून सवलत मिळते असं कोणी म्हणू नये, म्हणून भुजंगराव त्याला हटकून नको ती ड्युटी लावत. सणावाराला तर नक्कीच. गजूने कधी तक्रार केली नाही. लग्न झालं आणि दिवाळसणाला सासरी जायचं म्हणून त्याने पहिल्यांदा चार दिवस रजा मागितली. भुजंगरावांनी त्याला जाफराबाद मुक्कामी लावला. जावयाला ओवाळायला सासरची मंडळी जमली होती, नवी नवरी दारात उभी होती, आणि जावई जाफराबादच्या स्टँडवर गाडीत झोपला होता. दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. बायकोला घेऊन गेला, तो वडिलांशी आजवर बोललेला नाही.

हे मला कुसुमबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितलं. त्या तोंडाच्या फटकळ आहेत. "अकरा पोरं सांभाळून राह्यले रोज," त्या शेंगा फोडता फोडता म्हणतात, "घरातलं एक सांभाळता आलं न्हाई." पुढच्या खोलीत माउसची टकटक वाढते.

खेळात वर्षं भराभर जातात. पडद्यावरचा गजानन तेहेतीस वर्षांचा झाला, पाय मंदावले, गोल आटले. तरी एका जाडजूड वहीत भुजंगराव प्रत्येक सामन्याचा चार्ट आखत आणि पहिलं नाव त्याचंच लिहीत. संघ हरत चालला. मालक मंडळींनी नाराजीचं पत्र पाठवलं, ते मीच वाचून दाखवलं.

"त्याला थोडं मागे खेळवा," मी सुचवलं. "ते डीप लाइंगचं काम द्या. पळावं कमी लागेल."

"शटल? जवळच्या जवळ फेऱ्या?" त्यांनी विचार केला. "बराबर हाय. लई पळवलं त्याला." आणि लाल पेनाने बदल केला. तेव्हापासून दोन सामने बरे गेले.

लक्ष्मीपूजन यंदा रविवारी आलं. करंज्यांचं ताट घेऊन मी सकाळीच गेले. भुजंगराव नवा सदरा घालून कामावर बसले होते. त्या दिवशी मोठा सामना होता, हरला तर संघ खालच्या गटात जाणार. वही उघडी होती. मी सवयीने वरचं नाव वाचलं, तर ते गजाननचं नव्हतं. त्याचं नाव पानाच्या तळाशी होतं, आणि पुढे सुवाच्य अक्षरात: 'रजा. एक दिवस.'

"दुखापत झाली का?"

"न्हाई."

"मग आजच्या दिवशी कसा बसवला?"

"दिवाळी हाय ना, बाई."

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसत होती. खेळात मार्च चालला होता. मला काटेकोरपणाची सवय आहे, चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण मी करंज्या ठेवल्या आणि खुर्चीत बसले.

सामना सुरू झाला. प्रेक्षकांचा गलका होत होता. अकरा वाजले आणि भुजंगरावांनी आवाज पूर्ण बंद केला. दर रविवारी अकराला ते असंच करतात. गोंगाटाने कंटाळत असतील असं मला वाटायचं. तेवढ्यात आत फोन वाजला. कुसुमबाई तो घेऊन बाहेर आल्या आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. फोन स्पीकरवर होता. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, नवऱ्यानेही मान वळवली नाही.

"फराळ केला का रे? सुट्टी हाय ना आज?"

"न्हाई माय. ड्युटी हाय. इथं कुठली दिवाळी?" गजूचा आवाज थकलेला होता. "तुम्ही लोकं जेवले का?"

"बसून राह्यलो आता."

'तुम्ही लोकं' म्हणजे आईबरोबर बापही आला; त्या शब्दांवर भुजंगरावांचा हात माउसवर थांबला. कुसुमबाई अजून थोडा वेळ उंबऱ्यात थांबल्या. गजूने वडिलांचं नाव काढलं नाही. मग त्या बोलत बोलत आत गेल्या.

पडद्यावर माणसं आवाजाविना पळत होती. आपल्यावर एक गोल झाला, मग दुसरा झाला. भुजंगरावांनी ते पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी वही जवळ ओढली, खिशातलं लाल पेन काढलं, गजाननच्या नावापुढचं 'एक' खोडलं आणि वर 'चार' लिहिलं.