बाबारावजींचा वांदा

बाबारावजी रोज सकाळी आंघोळ करून, काळी टोपी घालून, एका झाडापुढे अर्ज करत. लिहून नव्हे, तोंडी.

"सेवेशी सादर. अर्जदार रोज पानी देते, ऊन दाखवते. सबब विनंती का, यंदा तरी फुलावं. हुकूम व्हावा."

मग मान कलती करून थांबत. जणू झाड आता सही करणार.

वर्ध्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसून त्यांनी उभी हयात लोकांचे अर्ज लिहिले होते. त्यांचं आणि आमचं कुंपण एकच, त्यामुळे 'सबब' हा शब्द मला दिवसभर ऐकू येई. भाजीवालीलाही ते सुनावत, "कालचे वांगे किडके निघाले, सबब बदलून दे."

"बाबाजी, किडा का मले पुसून शिरते?" ती म्हणे. अर्ज नामंजूर.

झाड म्हणजे आंब्याच्या ओंडक्याला सुतळीनं बांधलेलं, चिवट पानांचं, हवेत मुळं सोडलेलं एक रोप. आमच्याकडे त्याला वांदा म्हणतात आणि भांडणालाही वांदाच म्हणतात. एकदा माझ्या यजमानांनी खुशाली विचारली. बाबारावजी म्हणाले, "बाकी ठीक हाय, पण घरातला वांदा सुकून राह्यला."

"चांगलंच झालं! वांदा जितका लवकर सुकेल तितका बरा."

बाबारावजी पुढं बरेच दिवस त्यांना पाहिलं की रस्ता बदलत.

भांडणाचा वांदाही होताच, आणि तो या झाडावरूनच झाला होता. झाड त्यांच्या बायकोचं, अनसूयाकाकूंचं. अल्लीपूरला माहेरचा आंबा वादळात पडला, तेव्हा त्याच्या फांदीसकट त्यांनी ते आणलं. दर उन्हाळ्यात फुलायचं. मागच्या उन्हाळ्यात काकू लग्नाला माहेरी गेल्या आणि मागं बाबारावजींना झाडाची दया आली. एवढी काळी, कसदार जमीन असताना हे बापडं हवेवर का जगतं? त्यांनी ते सोडवून, कुंडीत शेणखत घालून, काळ्या मातीत दाबून लावलं. कापसाला, तुरीला जी माती मानवते ती याला मानवलीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. वरून रोज तांब्याभर पाणी.

काकू आल्या तोवर मुळं कुजली होती.

"जित्याले मूठमाती देली तुमी!" एवढंच त्या म्हणाल्या. उरलासुरला जीव पुन्हा ओंडक्याला बांधला आणि आल्या पावली परत निघाल्या. "हे फुललं म्हंजे येईन."

म्हणून ते अर्ज.

चैत्रात एके दिवशी अर्ज ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जाऊन पाहिलं, तर ओंडक्यावर धोतर टाकलेलं.

"बाबारावजी, उन्हाळ्यात याला थंडी वाजते का?"

ते काही बोलायच्या आत मी धोतर उचललं. तपकिरी नक्षीची फुलं, मधोमध जांभळी जीभ, आणि वास तर ओसरीभर.

"अहो, फुललं की! काकूंना कळवलं?"

"नाई."

"का?"

त्यांनी टोपी काढली आणि ओट्यावर बसले. "बाई, हे फुललं नाई तोवर तिच्या न येन्याले कारन होतं. आता फुललं तरी नाई आली, त म्या मनाले काय सांगू?"

मला एक काम सुचलं. घरी येऊन त्या दिवसाच्या यादीतलं पापडाचं काम खोडलं आणि अल्लीपूरची मोटर गाठली.

काकू अंगणात चिंचा फोडत होत्या. माझं "फुललं" पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत त्या उठल्या आणि खुंटीवरची पिशवी काढली. ती भरलेलीच होती.

"थंडीतच भरून ठेवलीती," चिंचेचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या. "कोनीतरी बोलवाले येईन का नाई?"

मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या मोटरीत मी चक्क झोपले.

संध्याकाळी बाबारावजी फाटकात उभे होते. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळले!"

"वाळलं कुठं? पाह्य न, देठ कसा हिरवागार हाय!"

"झाडाचं कोन म्हनून राह्यलं?"

असं म्हणून काकूंनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सरळ चुलीकडे गेल्या. बाबारावजींनी ती दोन्ही हातांनी धरली, आणि दिवेलागण झाली तरी खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.