पाऊणपट भरती

"दर्या? अरे, दर्या माज्या बोटांवर चालतो!" असं म्हणून नजीबने पाचही बोटं ओवैसच्या नाकासमोर नाचवली.

ओवैस त्याचा चुलतभाऊ. मनामा शहरातल्या दोन खोल्यांपैकी एक खोली त्याची आणि दुसऱ्या खोलीत सतत हजेरीही त्याचीच! नजीबची बायको महमुदा तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून आली होती. तिने बहरीनमध्ये आजवर काय पाहिलं? स्वयंपाकघर, आणि जेवणारा ओवैस. रविवारी तिचं परतीचं विमान होतं.

नजीबला भलतीच काळजी लागली होती. मीना सलमान बंदराच्या गोदामात कारकुनी करून दमलेल्या त्या माणसाने नुकताच फॅमिली व्हिसाचा फॉर्म आणला होता. त्यावर महमुदाची सही हवी होती. पण तिला "परत येशील ना?" असं विचारलं की ती "बघू" म्हणायची. बायकोचं "बघू" म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही!

म्हणून बेत ठरला. शुक्रवार. निर्जन किनारा. दोघंच. पोटभर बिर्याणी, मग योग्य क्षणी फॉर्म!

"निर्जन?" ओवैस हसला. "झल्लाकच्या किनाऱ्यावर शुक्रवारी जत्रा असते, भाय."

"झल्लाक नाय रे! समुद्रातलं वाळूचं बेट. थय चिटपाखरू नाय!"

"नि भरती आली तर?"

तेव्हा ती बोटं बाहेर आली. नजीबच्या आजाने त्याला एक सूत्र दिलं होतं: चांदाच्या तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. शुक्रवारी चांद चौदावा. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती, साडेचारला पूर्ण ओहोटी. दुपारी जावं, बेट आपलं वाढतच जाणार!

सूत्र अस्सल होतं. फक्त नजीबचं सगळं बालपण चिपळूणच्या बाजारात बापाच्या शिलाई मशीनशेजारी गेलं होतं आणि त्याला पोहता येत नव्हतं. उलट महमुदाचा बाप मच्छीमार! पण तिला काही विचारायचं नजीबच्या मनातही आलं नाही. बायकोला चकित करायचं असेल तर तिला विचारून कसं चालेल?

जुम्म्याची नमाज आटोपून दोघं सित्र्याच्या धक्क्यावर आली. सोबत बिर्याणीचा टोप, चटई, कॅसेट प्लेअर आणि एका फाइलीत तो फॉर्म. हुसेन नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना मोटारबोटीतून बेटावर सोडलं. पांढरीशुभ्र वाळू, हिरवंनिळं पाणी आणि माणूस नावाला नाही! महमुदा तीन महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली, आणि नजीबला वाटलं, झाली सही!

"साडेपाचला ये!" त्याने हुसेनला बोटांनी सांगितलं.

हुसेनने जोरजोरात मान हलवली. त्याने चार बोटं दाखवली आणि इंजिनच्या धडधडाटात ओरडून काहीतरी सांगितलं. त्यातलं शेवटचं तेवढं नजीबला ऐकू आलं: "...मफी! मफी!"

"मफी मुश्किल! शुक्रन! यल्ला!" नजीबने हात हलवून त्याला वाटेला लावलं.

"काय म्हणत होता तो?" महमुदाने विचारलं.

आठ वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाने अरबी येत नाही असं बायकोपुढे कसं कबूल करावं? "म्हणाला, चार वाजले तरी काय फिकीर नाय!"

चटई पसरली. महमुदा अनवाणी बेटभर फिरून आली. "या टोकापास्ना त्या टोकापर्यंत साठ पावलां," ती म्हणाली. मग टोप उघडला. बिर्याणी अशी जमली होती की नजीब दोनदा फाइलीकडे हात नेऊन दोनदा बिर्याणीकडे वळला. शेवटी त्याने हात पुसले आणि घसा खाकरला.

"महमुदा, मना तुला एक सांगायचां हाय."

"आदी माजां ऐका. वाळू ओली हाय."

"दर्याची वाळू ओलीच असते!"

"मधीसुद्धा? हय एक गवताची काडी नाय, एक कुर्लीचा बीळ नाय. असं बेट पाण्याखाली जातां."

"ओहोटी चालू हाय, बाय! साडेचारला बघ, मैदान होईल मैदान!"

महमुदा उठली, पुन्हा चालत गेली आणि परत आली. "चाळीस."

"तुजी पावलां लांब पडली असतील."

पुढच्या वेळी ती न चालताच म्हणाली, "पंधरा." कारण पाणी नजीबच्या पायाच्या बोटांना लागलं होतं. ज्यांच्यावर दर्या चालतो त्या बोटांना नव्हे. पण घराणं तेच! त्याने घड्याळ पाहिलं. पावणेचार. नजीबच्या तोंडचं पाणी तेवढं पळालं, बाकी सगळीकडून येतच होतं!

मग जे काही झालं ते फार भराभर झालं. पाणी घोट्यापर्यंत आलं. महमुदाने कॅसेट प्लेअर डोक्यावर घेतला. नजीबने टोप उपडा केला आणि त्यावर चढला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला टोपाचा मिळाला. तेवढ्यात चटई अलगद तरंगली आणि फाइलीला मांडीवर घेऊन निघाली!

"फाइल!" नजीब किंचाळला. "अगो, फाइल गेली!"

"जाऊ दे! काय हाय त्यात?"

"तुजा व्हिसा!" तो टोपावर डुगडुगत रडवेल्या आवाजात म्हणाला. "फॅमिली व्हिसाचा फॉर्म! तुजी सही मागायला तर हय आणली तुला! तू गेलीस की मना त्या खोलीत करमणार नाय गो!"

महमुदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. कॅसेट प्लेअर त्याच्या हातात दिला. ओढणी कमरेला खोचली आणि वाळूच्या कडेवरून सपकन खोल पाण्यात सूर मारला! सात-आठ हातांत ती चटईपाशी पोचली, फाइल दातांत धरली आणि परत आली. टोपावर उभ्या असलेल्या नजीबला इतका आनंद आणि इतकी लाज एकदम कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात धडधड ऐकू आली. हुसेन! तो लांब गेलाच नव्हता, थोड्या अंतरावर गळ टाकून बसला होता. बरोबर चारला तो समोर आला, चार बोटं दाखवली, मग बेट होतं तिथल्या पाण्याकडे हात केला आणि सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाला, "अर्बा... जझीरा... मफी!"

चार वाजता बेट नाही. नजीबला आठ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण अरबी वाक्य समजलं.

बोटीत त्याने कुरकुरत हिशेब पुन्हा केला. "चौदाची पाऊणपट साडेदहाच येते! चांद चुकला असेल."

"चांद नाय चुकला," महमुदा ओढणी पिळत म्हणाली. "ती पाऊणपट आपल्या रत्नागिरीच्या दर्याची. ह्या दर्याला तुमच्या आजानं कवा शिकवलां?"

नजीबने भीत भीत फाइल उघडली. शाई सगळीकडे पसरली होती. "आता सही कुठं करणार?"

"नवा फॉर्म आणा. करते सही." ती हसू दाबत होती. "तुमाला हय एकट्याला ठेवणां बरां नाय. पण दर्याला कवा जायचां, ते मी ठरवणार!"

घरी ओवैस दारातच उभा होता. नजीबची ओली पँट, महमुदाचे निथळते केस आणि रिकामा टोप त्याने नीट पाहून घेतला.

"काय भाय, किनारा निर्जन होता ना?"

नजीबने बोटं खिशात घातली. उत्तर महमुदाने दिलं.

"एवढा निर्जन, की शेवटी किनारासुद्धा निघून गेला!"