निळ्या डब्याचा वास

डेल्मर हॉगनने कानांत बोळे घातले, याबद्दल त्याच्या बायकोचं, मार्लिसचं, काहीच म्हणणं नव्हतं. पिस्तूल चालवायचं म्हणजे कान जपायलाच हवेत. पण त्याने खिशातून आणखी कापूस काढला आणि दोन बोळे नाकपुड्यांत कोंबले, तेव्हा मात्र तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"डेल्मर, रस्त्यावरून कुणी पाहिलं ना, तर संध्याकाळपर्यंत चार बायका हॉटडिशचं गरम भांडं घेऊन येतील मला धीर द्यायला."

"येऊ देत," डेल्मर नाकात बोलला. "मला वासावरून काडतुसातली पावडर ओळखू येते. मग ती चाचणी कसली? तू फक्त काडतुसं हातात दे. कुठल्या डब्यातली, ते सांगायचं नाही."

कोठारामागे वाळूच्या पिशव्यांवर पिस्तूल टेकवून तो बसला होता. समोर पन्नास यार्डांवर कागदी निशाण, त्याच्यामागे मातीचा ढीग आणि पलीकडे थेट क्षितिजापर्यंत कापलेला गहू. दुकानातली आयती काडतुसं डेल्मरने गेल्या वीस वर्षांत वापरली नव्हती. आपली काडतुसं तो तळघरात स्वतः भरायचा. टेबलावर एका वेळी एकच डबा, रेडिओ बंद, आणि मार्लिसनेसुद्धा जिन्यावरून हाक मारायची नाही. या बाबतीत तो देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा कडक होता, आणि त्याचा त्याला यथास्थित अभिमानही होता.

त्याची पावडर ठरलेली. लाल डबा. वीस वर्षांत त्याने दुसऱ्या डब्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. पण या उन्हाळ्यात तो दुकानात गेला, तर लाल डब्यांचा खण रिकामा.

"होते नव्हते तेवढे एकानेच उचलले," दुकानदार म्हणाला. "नवा माल नाताळच्या आत यायचा नाही."

"कोणी उचलले?"

"आता गिऱ्हाइकाचं नाव कसं सांगू, डेल्मर? उद्या तुझंही सांगत सुटेन."

गावाची चांदमारीची स्पर्धा तर सप्टेंबरअखेरीस. डेल्मरने तीन नव्या पावडरी आणल्या. घरी लाल डब्याच्या तळाशी जेमतेम चाचणीपुरतं उरलं होतं, तेही तुलनेसाठी बाजूला ठेवलं. आणि पाचवी म्हणून, केवळ तिची फजिती व्हावी म्हणून, निळा डबा घेतला.

हा निळा डबा त्याच्या साठीला व्हर्लिन स्टकीने रिबीन बांधून दिला होता. व्हर्लिन म्हणजे त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी. तो आयुष्यभर निळा डबाच वापरत आलेला. डेल्मरने ती भेट सील न फोडता तळघराचं दार अडवायला लावून ठेवली होती. निळ्या पावडरीला एक खास वास होता. व्हर्लिनने चाप ओढला की शेकोटीपाशी ओला बोकड आणून बसवल्यासारखं वाटे. डेल्मर दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणायचा, "असल्या पावडरीनं चिमणीसुद्धा दचकायची नाही." लोक दरवर्षी हसायचे. यंदा त्याला हेच वाक्य चाचणी करून, पुराव्यानिशी म्हणायचं होतं.

शेवटची गोळी झाडून झाली. मार्लिस निशाणाचे कागद गोळा करून आली. चार कागदांवर भोकं विखुरलेली होती, कुठे जास्त, कुठे कमी. पाचव्या कागदावरची सगळी भोकं जॅमच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली असती.

डेल्मरचे डोळे चमकले. "बघितलंस? याला म्हणतात पावडर! कुठली ही?"

"आधी नाकातलं काढ."

"मार्लिस, कुठली?"

"दार अडवायची," मार्लिस म्हणाली.

रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नळी घासूनपुसून पुन्हा चाचणी केली. मग वारा पडल्यावर केली. मग चष्मा बदलून केली. दर वेळी झाकणाखाली भोकं निळ्या डब्याचीच.

"अरे, मग चांगलंच झालं की!" मार्लिस म्हणाली. "हवी होती पावडर, घरातच सापडली."

"आणि किटली?"

किटलीचा प्रश्न खरोखरच अवघड होता. ही पोचे पडलेली निळसर इनॅमलची कॉफीची किटली म्हणजे स्पर्धेचं बक्षीस. जिंकणाऱ्याने ती वर्षभर घरी ठेवायची. पण त्याआधी सगळ्यांसमोर किटलीवर हात ठेवून आपल्या काडतुसात कुठली पावडर होती ते सांगायचं. या गावात लोक मासा किती लांब होता याबद्दल खोटं बोलत, करभरणीबद्दलही बोलत. किटलीवर हात ठेवून आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं.

"मग त्या तीन नव्यांतली एखादी घे."

"तिच्यानं चौथा येईन."

"मग ये ना चौथा! काय बिघडलं?"

डेल्मरने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुन्हा विणकाम हातात घेतलं.

त्याने एका वेळी एकच संकट निस्तरायचं ठरवलं. किटलीचं नंतर पाहू, आधी वासाचं. निळ्या डब्याचा वास लपणारा नव्हता. मग तो व्हर्लिनच्या नावावर खपवणं एवढाच मार्ग उरला. त्यासाठी उभं राहायला हवं ते व्हर्लिनच्या शेजारी.

स्पर्धेच्या सकाळी तो गेलनकडे गेला. गेलन स्पर्धेची सगळी व्यवस्था पाहायचा.

"यंदा मला व्हर्लिनच्या बाजूची जागा दे."

गेलनने त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं. "तुला? वीस वर्षं तू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतोस. वाऱ्याची दिशा बघून!"

"त्या टोकाला ऊन डोळ्यांवर येतं."

"आज आभाळ आहे, डेल्मर."

"येईल ना ऊन. दिवस काय संपला?"

गेलनने जागा दिली आणि बातमीही सगळीकडे दिली. पाच मिनिटांत अख्ख्या मैदानाला कळलं, की डेल्मरने भांडण मिटवलं. चर्चमधल्या दोघी जणी येऊन मार्लिसच्या गळ्यात पडल्या. "इतकी वर्षं प्रार्थना करत होतो गं आम्ही," एक म्हणाली, आणि मार्लिसला कुठे पाहावं कळेना.

व्हर्लिन तर स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आला. "बस, डेल्मर. कॉफी आणू? आणतोच." आणि त्याने खरंच आणली, वर आंबटगोड रुबार्ब-पाईचा तुकडाही आणला. डेल्मरने तो व्हर्लिनकडे न बघता संपवला.

गोळीबार सुरू झाला. पहिल्याच फेरीत शेकोटीपाशी बोकड येऊन बसला.

"व्हर्लिन!" मागून कुणीतरी ओरडलं. "आज जोडीनं आणलेत का रे बोकड?"

सगळे हसले. व्हर्लिनने हवेत नाक फिरवलं. एकदा डेल्मरकडे पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "हो बाबा. आज जरा जास्तच झालंय. सांभाळून घ्या."

डेल्मरच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ त्याला स्वतःची लाजही वाटली. पण हात त्याचं ऐकत होता आणि पिस्तूल हाताचं. फेरीमागून फेरी झाली, लोक व्हर्लिनला बोल लावत राहिले, व्हर्लिन मान डोलावत राहिला. शेवटच्या गोळीची वेळ आली तेव्हा व्हर्लिनच्या सगळ्या गोळ्या झाडून झाल्या होत्या, आणि डेल्मर त्याच्यापेक्षा फक्त नऊ गुणांनी मागे होता. मधल्या ठिपक्यात लागली तर दहा.

डेल्मरने पिस्तूल उचललं. बाहेरच्या कड्यात एक गोळी गेली, की काम झालं. दुसरा नंबर. किटली नाही, भाषण नाही, वीस वर्षांची टिंगल जागच्या जागी. हात थरथरला म्हणायचं. या वयात कुणीही विश्वास ठेवील. त्याने नेम थोडा डावीकडे सरकवला. आणखी थोडा सरकवला.

मागे मार्लिस उभी होती. तिने विणकाम खाली ठेवलं होतं.

डेल्मरने आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकवल्या होत्या, पण नेम मुद्दाम कधी चुकवला नव्हता. तो हळूच परत मध्यावर आला. खांदे सैल केले. आणि चाप असा ओढला, की कधी ओढला गेला ते त्यालाही कळलं नाही.

"दहा!" गेलन ओरडला.

टाळ्या झाल्या. डेल्मरची मान ताठ झाली. ती त्याला खाली घालता येईना. मग किटली आली. त्याने तिच्यावर हात ठेवला. चिमणीच्या वाक्याची वाट पाहत सगळे आधीच हसऱ्या तोंडाने उभे होते.

"निळा डबा," डेल्मर म्हणाला.

कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नाही.

"निळा डबा म्हणतोय मी! व्हर्लिनचा. पाच पावडरी पारखल्या, पुन्हा पुन्हा पारखल्या. त्याच्यासारखी एकही नाही. वीस वर्षं मी मूर्खासारखा बडबडत होतो. झालं? आता हसा."

आणि मग जे हसू फुटलं, त्याने मैदानाकडेच्या तारांवरचे पक्षी उडाले. गेलन डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे खरोखरच दोन बोकड होते तर!"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "एकच होता."

तो उठला आणि त्याने आपल्या पेटीतून डबा काढून टेबलावर ठेवला. लाल डबा.

"दुकानातले सगळे मीच उचलले. वीस वर्षं तुझ्या तोंडून हिची आरती ऐकतोय, म्हटलं आपणही एकदा बघावं."

डेल्मरचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे दिवसभर वास माझा होता, आणि बोलणी तू खाल्लीस? अरे, मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू इरेला पेटून भांडला असतास, आणि नेम चुकला असता. तू जिंकायला हवा होतास, डेल्मर. जिंकल्याशिवाय किटलीवर हात कसा ठेवणार होतास?"

डेल्मरने किटली मार्लिसकडे दिली आणि मुकाट्याने व्हर्लिनच्याच घडीच्या खुर्चीत बसला. व्हर्लिनने कॉफी ओतली.

"घरी अजून चार लाल डबे पडलेत," व्हर्लिन म्हणाला. "घेऊन जा तुझे तू."

डेल्मरने पाठ सरळ केली, कॉफीचा घोट घेतला आणि टेबलावरच्या लाल डब्याकडे नाक मुरडून पाहिलं.

"ठेव तुझ्याकडेच. असल्या पावडरीनं चिमणीसुद्धा दचकायची नाही."