आश्रिताचा पूर्वपक्ष

माझ्या लेखनात आजवर कोणालाही चूक सापडलेली नाही. याचे कारण ते निर्दोष असते, असे मी मानतो. ते कोणी वाचत नाही, असे माझी पत्नी मानते. त्यामुळे परदेशात पाच वर्षे सहकुटुंब राहण्यासाठी व्हिसाचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा मी चष्मा पुसून जाहीर केले, "हे काम माझ्यावर सोडा! एकोणीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलंय. एका कार्यालयाला पटवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

"अहो, फॉर्म भरायचाय. वादविवाद नाही करायचा," पत्नी म्हणाली.

पत्नी पुलांचे आराखडे करते आणि ते पूल पडणार नाहीत याची लेखी हमी देते. अशा माणसांना शब्दांविषयी एकंदरीत तुच्छताच असते. तिला परदेशातल्या एका कंपनीने बोलावून घेतले होते. तीन महिन्यांनी, पहिल्या तारखेला रुजू व्हायचे होते. राहायचे घर ठरले होते, आमच्या अकरा वर्षांच्या कन्येचे तिथल्या शाळेत नाव घातले होते. अर्जात पत्नी 'मुख्य अर्जदार' होती, कन्या 'अपत्य' होती, आणि सहाशे चाळीस पृष्ठांच्या एका ग्रंथाचा कर्ता असलेला मी 'आश्रित' होतो.

हा शब्द मी शांतपणे वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग पेनचे टोपण इतक्या जोराने लावले की ते पुन्हा निघाले नाही.

आश्रिताने एक पत्र जोडायचे होते: आपण आमच्या देशात का राहू इच्छिता? मर्यादा, एक पान. एका पानात माणूस दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून कळवतो! माणसाचे असणे एका पानात मावते, असे ज्या कार्यालयाला वाटते त्याला थोडे शिक्षण देणे मला कर्तव्यच वाटले.

आमच्या शास्त्राची एक जुनी आणि सभ्य रीत आहे. आपली बाजू मांडण्याआधी विरोधकाची बाजू मांडायची, तीसुद्धा त्याला स्वतःला जमली नसती इतक्या ताकदीने. हा पूर्वपक्ष. मग त्यातला एकेक आक्षेप खोडून काढायचा; तो उत्तरपक्ष. तापाने फणफणलेल्या गड्याला चीत करून कोणी पैलवान ठरत नाही! त्यानुसार मी सत्तावीस पानांचे पत्र सिद्ध केले. पहिल्या पानावर पूर्वपक्ष: मला व्हिसा का देऊ नये, याची सात कारणे. उरलेल्या सव्वीस पानांत त्या सातांची चाळण!

"एक पान म्हटलंय ना?" पत्नीने विचारले.

"पहिलं पान एकच आहे," मी म्हणालो.

आवराआवरीला आलेल्या सासूबाई जमिनीवर बसून काचेचे पेले कागदात गुंडाळत होत्या. कागद ओळखीचा वाटला. माझ्या एका शोधनिबंधाच्या त्या शिल्लक प्रती होत्या.

"जावईबापू, तुमचा कागद चांगला जाड असतो हो," त्या म्हणाल्या. "वर्तमानपत्रात पेला तडकतो. तुमच्यात नाही तडकत."

सासूबाईंशी वाद घालू नये. त्यांना पूर्वपक्ष नसतो.

व्हिसा कार्यालयातल्या खिडकीमागे एक बाई आणि एक स्कॅनर होता. बाईंनी माझा गठ्ठा हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला, वरचे पान काढून यंत्रात सरकवले आणि सव्वीस पाने परत माझ्यापुढे ढकलली.

"अहो बाई, उत्तर पुढच्या पानांत आहे!"

"नियम एका पानाचा आहे."

"पण हे पान माझ्याविरुद्ध आहे! हे मत माझं नाही, ते केवळ खंडन करण्यासाठी..."

"सही तुमचीच आहे ना?"

"आहे."

"मग झालं! स्कॅन झालेलं काढता येत नाही. चला, पुढचे या!"

घरी पत्नीने विचारले, "सगळं नीट झालं ना?" "कागद स्वीकारले," मी म्हणालो. हे विधान सत्य होते. सत्याचा सत्ताविसावा भाग होते, पण सत्य होते.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मुख्य अर्जदार, मंजूर. अपत्य, मंजूर. माझ्या नावापुढे लिहिले होते: 'आश्रिताने स्वतः दिलेली सातही कारणे कार्यालयास पूर्णतः पटली आहेत. अर्ज नामंजूर.' एकोणीस वर्षांत माझ्या युक्तिवादाशी कोणी इतके सहमत झाले नव्हते!

सोबत त्या पानाची प्रत होती. पत्नी ती मोठ्याने वाचू लागली.

"'कारण पाचवे. आश्रिताच्या अनुपस्थितीने कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहारात कोणताही फरक पडणार नाही.' हे तुम्ही लिहिलंत?"

"त्याचं खंडन एकोणिसाव्या पानावर आहे. अत्यंत भेदक झालंय."

"आणि एकोणिसावं पान कुठंय?"

"माझ्या पिशवीत."

पत्नी ती प्रत हातात धरून उभी राहिली. पूल कोसळला तर ती बहुधा अशीच उभी राहत असावी.

"कारण सहावं काय आहे गं?" सासूबाईंनी आतून विचारले.

"'आश्रिताचा उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही.'"

"बघ, लिहितात तेव्हा खरं लिहितात!"

कन्या हे सगळे ऐकत सुटकेसवर बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता तिने विचारले, "बाबा, आम्ही परत येऊ तेव्हा मी सोळा वर्षांची असेन ना?"

मी मनातल्या मनात बेरीज तपासली. बरोबर होती. तिच्यावर एकही आक्षेप घेता येत नव्हता.

अपील करायला दहा दिवस होते. "या वेळी एकच पान," पत्नीने बजावले. "आणि फक्त आपली बाजू. शपथ घ्या!" मी मान हलवली आणि मनापासून तसेच लिहायला बसलो. परंतु नामंजुरीचे कारण न सांगता त्याला उत्तर कसे देणार? वाचणाऱ्याला कळायला नको, आपण कशाला उत्तर देतो आहोत? म्हणून कार्यालयाची बाजू आधी दोन ओळींत मांडली. दोन ओळींत ती दुबळी वाटली. दुबळ्या प्रतिपक्षावर वार करणे माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून तिला थोडा आधार दिला. मग थोडा आणखी. पान संपले तेव्हा कार्यालयाची बाजू अभेद्य झाली होती, आणि माझ्या बाजूचा फक्त एक शब्द मावला होता: 'तथापि'. पुढची चौतीस पाने मी पिशवीत ठेवली.

पाकीट मीच बंद करणार होतो, कारण पत्नी तिच्या ऑफिसात शेवटची कामे सोपवत होती. इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा, चिकटवू नका! ओळखीच्या माणसाचं पत्र जोडता येतं असं लिहिलंय त्या अपिलाच्या फॉर्मवर. मीही चार ओळी खरडते."

"आपली इच्छा," मी औदार्याने म्हणालो. ज्यांचा युक्तिवादाशी उभ्या जन्मात संबंध आला नाही, त्यांच्या चार ओळींनी काय बिघडणार होते?

मुलाखतीचे बोलावणे आले. आम्ही तिघे एका अरुंद खोलीत जाऊन बसलो. टेबलापलीकडच्या अधिकारी बाई सुदैवाने आपलीच भाषा बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझे पान उचलून धरले.

"आमच्या निर्णयाचं इतकं चांगलं समर्थन आमच्याकडेही कोणी केलं नव्हतं. 'तथापि'च्या पुढे काय आहे?"

"चौतीस पानं आहेत!" मी पिशवीत हात घातला. टेबलाखाली पत्नीने माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"नकोत," बाई म्हणाल्या. "हे दुसरं पत्र पुरेसं आहे." आणि त्या वाचू लागल्या:

"'माझे जावई तुमच्याकडे कोणाची नोकरी हिरावतील ही भीती सोडून द्यावी. ते गॅस पेटवतात, पण बंद करत नाहीत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. मग माझी मुलगी ऑफिसातून फोनवर सांगते, कपाळावर हात लावा. नातीची शाळेची बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रोज कोपऱ्यावर उभे राहतात. कोणी विचारलं तर म्हणतात, विचार करत होतो. हे गृहस्थ इथे एकटे राहिले तर आठवडाभर टिकणार नाहीत. माझं आता वय झालं, मला ते झेपायचे नाहीत. तरी कृपा करून घेऊन जावं.'"

बाईंनी पत्र खाली ठेवले. "यात लिहिलंय ते खरं आहे? हो की नाही. एका शब्दात सांगा."

गॅस दोनदाच राहिला होता, त्यातही एकदा वारा होता. चष्म्याविषयी माझी स्वतंत्र भूमिका आहे. आठवडाभर या मर्यादेला काहीही आधार दिलेला नव्हता. कन्येने माझी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. कोपऱ्याची गोष्ट तिला आत्ता कळली होती.

"हो," मी म्हणालो.

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून मी त्याचे खंडन केले नाही, अशी आयुष्यातली ही पहिलीच वेळ! बाईंनी टिपण केले: 'आश्रितपण निःसंशय सिद्ध.'

आठवड्याने माझा पासपोर्ट घरी आला. कन्येने व्हिसाचे पान उघडून खणखणीत आवाजात वाचले, "'आश्रित. कोणतेही काम करण्यास मनाई.'"

"चला," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे यांना तिथे अगदी घरच्यासारखं वाटेल!"

या विधानाचे खंडन मी तिथल्या तिथे करणार होतो, पण कागद मिळेना. घरातला एकूण एक जाड कागद सामानात गेला होता. तो कुठे गेला, ते इथे आल्यावर खोकी उघडली तेव्हा समजले. माझा उत्तरपक्ष, साठच्या साठ पाने, कोणत्याही खिडकीवर न अडता परदेशी सुखरूप पोहोचला होता. आणि तो भक्कम आहे, हे आता पत्नीलाही मान्य आहे: बारा पेल्यांपैकी एकही तडकला नाही.